अणुबंब चालवावा कसा

साताऱ्याच्या गारठ्यात कुडकुडायचं आणि वर कोयनेच्या १९६० मेगावॅटचा अभिमान बाळगायचा, हे आता पुरे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगरतात आणि आपल्या गल्लीतली लाइट ऐन अंघोळीच्या वेळी जाते. तेव्हा घरीच अणुबंब बसवा, म्हणजे घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता अणूतून काढतो असं सांगायचा बंब. निकेलची पूड, थोडं लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड, ॲल्युमिनाची बंद नळी, तिच्याभोवती हीटरची तार. अणू एवढ्यात आटोपला. पुढची सगळी करामत वायरिंगची.

आधी घराणं सांगा. मार्च १९८९ मध्ये युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लायशमन यांनी जड पाण्यात पॅलेडियम बुडवून 'थंड संलयन', म्हणजे साध्या तापमानालाच अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा, जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तसे प्रयोग झाले, हे तर छाती फुगवून सांगा. पुढं गुगलच्या पैशानं बऱ्याच जणांनी पुन्हा कसून शोध घेतला आणि २०१९ मध्ये हाती काही लागलं नाही म्हणून छापलं. हे वाक्य येईपर्यंत पाहुण्यांपुढं चहा आलेला असावा.

आता वीज द्यायची कशी. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, चुकूनही लावू नका. त्यातून विजेची लाट सबंध बाहेर येते आणि सबंध लाट बाजारातला स्वस्तातला मीटरही नीट मोजतो. ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच लावा. तो प्रत्येक अर्धलाट अर्ध्यात कापतो. साधा मीटर बिचारा सरासरी बघतो आणि लाट शाबूत आहे असं समजून आकडा देतो. लाट बरोबर मध्यावर कापली, की व्होल्टेज आणि अँपिअर दोन्ही तीसेक टक्क्यांनी कमी दिसतात. दोन्हींचा गुणाकार केला की वीज खऱ्याच्या निम्मी भरते. उष्णता मात्र पूर्ण मिळते. अणूला अजून हातही लावला नाही आणि एकाचे दोन झाले! कापलेली लाटही बरोबर मोजणारा, 'ट्रू आरएमएस' लिहिलेला मीटर कुणी आणला, तर त्यातला सेल संपलाय म्हणा.

याहून धाडस असेल, तर वायर जबड्यात धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्पमीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम धरा. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, आकडा शून्य. फुकटची ऊर्जा!

बाहेर पडणारी उष्णता वाफेवर मोजा. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. सगळ्याची वाफ करायची, तर वर आणखी २२५७. म्हणून नळीतून पाणी फुरफुरत बाहेर पडत असलं, तरी वहीत 'कोरडी वाफ', म्हणजे सगळ्याची वाफ झाली, असं लिहायचं. सातपट तिथंच पदरात पडतात. २०११ मध्ये इटलीत बोलोन्याला आन्द्रेआ रोस्सी यांनी ई-कॅट नावाचा असाच निकेलचा बंब दाखवला, तेव्हा संशयी मंडळींनी याच वाफेवर बोट ठेवलं होतं. माणसं किती बारीक बघतात!

नियंत्रणाचं म्हणाल, तर तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर, तापमान मोजणारं थर्मोकपल आणि हीटर चालू-बंद करणारा एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) एवढं पुरतं. तापमान हेलकावे खायला लागलं, तर सेटिंगला हात लावू नका. 'गाभा श्वास घेतोय' म्हणा. एसएसआर जळतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच, म्हणजे कंट्रोलर बंद म्हणत असताना हीटर चालूच. पारा सुसाट चढेल. हाच तो क्षण, व्हिडिओ काढा. (मेन स्विच मेव्हण्याच्या हाताशी ठेवा, त्याला विज्ञानात गती नाही.) नळी फुटली, तर अभिक्रिया फार जोमात होती असं समजावं.

गिऱ्हाईक मिळालं, तर पैसे आधी घ्या. रोस्सी यांनी २०१६ मध्ये अमेरिकेत ८ कोटी ९० लाख डॉलरसाठी आपल्याच गुंतवणूकदारांवर दावा लावला आणि २०१७ मध्ये खटला तडजोडीत मिटला.

प्रात्यक्षिकाला प्राध्यापक बोलवा, पत्रकार बोलवा, नगरसेवकाच्या हस्ते नारळ फोडा. फक्त गल्लीतला वायरमन नको. तो कोपऱ्यात उभा राहून तंबाखू मळत ऐकून घेतो आणि मग विचारतो, "मालक, एकाचं तीन देतंय म्हणताय, तर त्यातलंच एक त्याला परत द्या की. प्लग कशाला ठेवलाय?"

त्याला सांगा, वीज ऊर्जेसाठी नाहीच, ती फक्त नियंत्रणासाठी आहे.

"मग बिल कशाचं येतंय?" असं तो म्हणालाच, तर लगेच चहा मागवा.