शेवटचा एक टक्का

संगणकावर माणूस बेफिकीर होतो, कारण तिथे जवळजवळ सगळंच निस्तरता येतं. पत्र बिघडलं, कंट्रोल-झेड. फोटो आडवा झाला, कंट्रोल-झेड. फाइल कचरापेटीत गेली, तर पेटी उघडून ती परत काढता येते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. डिस्क राइट करताना मात्र कंट्रोल-झेड दाबून बघा, संगणक ढिम्म. कोऱ्या डिस्कच्या पोटात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर जिथे पडेल तिथे तो कायमचा बदलतो, सीडीत ७८० नॅनोमीटरच्या किरणाने, डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरच्या. झालं ते झालं. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क असतात हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला येऊ नये. जुने प्लेअर त्या वाचतीलच असं नसतं, आणि हा सगळा खटाटोप एका जुन्या प्लेअरसाठीच चालला होता.

प्लेअर आत्याचा. तिला घरातले जुने फोटो टीव्हीवर बघायचे होते. मी पेनड्राइव्हचं नाव काढलं, मग इंटरनेटवर ठेवून लिंक पाठवतो म्हणालो. ती म्हणाली, "जे हातात धरता येत नाही ते हरवतं. तू मला डिस्कच दे. आणि एक नाही, दोन. एक बघायला, एक कपाटात."

दोन डिस्क म्हणजे दोन वेगळी कामं. कपाटातली सोपी, तिच्यात फोटोंच्या फायली तशाच टाकायच्या. टीव्हीवरची अवघड, कारण आत्याच्या प्लेअरला फोटो नावाची गोष्ट ठाऊकच नाही. त्याला डीव्हीडी-व्हिडिओ लागते, म्हणजे फोटोंचा आधी चलच्चित्रपट करायचा, मग तो ठरलेल्या नावाच्या फोल्डरात ठरलेल्या नावाच्या फायलींत बसवायचा. यात संगणक इतका वेळ घेतो की शेवटी आपण फोटो कुणाचे होते हेच विसरतो.

हल्लीच्या लॅपटॉपना डिस्क घालायला तोंडच नसतं, म्हणून टेबलाखालचा जुना संगणक बाहेर काढला. ट्रे बाहेर आला, त्यावर कोरी डीव्हीडी ठेवली, ट्रे आत गेला. थोडी घरघर झाली आणि पडद्यावर नम्रपणे लिहून आलं, 'कृपया कोरी डिस्क घाला'.

डिस्क आतच होती. तीच बाहेर काढून, पुसून, पुन्हा घातली. 'कृपया कोरी डिस्क घाला'. यंत्राचा हा 'कृपया' फार चीड आणतो. त्यापेक्षा त्याने सरळ शिवी दिलेली परवडते.

यामागे एक जुनं भांडण आहे. एका बाजूच्या कंपन्यांनी १९९७ साली डीव्हीडी मायनस आर आणली. दुसऱ्या बाजूच्या कंपन्यांनी २००२ साली डीव्हीडी प्लस आर आणली. दोन्ही दिसायला सारख्या, आकार तोच १२० मिलिमीटर, भोकही तेच, पण सुरुवातीच्या ड्राइव्हला एक चालायची तर दुसरी चालायची नाही. पुढे दोन्ही लिहिणारे ड्राइव्ह निघाले आणि भांडण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. मात्र प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या निर्मात्याची खूण कारखान्यातच उमटवलेली असते, आणि ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या पोटात कायम भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ओळखीच्या खुणांची यादी असते. कुठल्या डिस्कवर लेझर किती जोरात आणि कसा मारायचा, ते त्या यादीवरून ठरतं. डिस्क ड्राइव्हपेक्षा वयाने लहान असली की तिची खूण यादीत नसते. मग ड्राइव्ह एक तर अंदाजपंचे लिहितो, नाही तर तिला ओळखच देत नाही. निर्मात्याने नवं फर्मवेअर काढलं असेल तर ते टाकावं, नाही तर दुसऱ्या जातीची डिस्क आणावी. मी दुसऱ्या जातीची आणली.

ती ओळखली गेली. पडद्यावर नवा मजकूर आला, 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'.

पॉवर हा शब्द वाचून घरातल्या सगळ्यांनी विजेच्या बटणांकडे पाहिलं. बायकोने पंखा बंद केला. विजेशी याचा काडीचा संबंध नाही. लिहायला बसण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव पट्टीवर लेझरचा जोर आजमावून बघतो. जोर कमी पडला तर खूण उमटत नाही, जास्त झाला तर पसरते. ही चाचणी जमली नाही की तो हात वर करतो. कारणं तीन असू शकतात. भिंगावर धूळ बसली असेल, लेझर म्हातारा झाला असेल किंवा डिस्क सुमार असेल. तीनपैकी कुठलं, ते मात्र तो सांगत नाही. ड्राइव्हची माहितीपुस्तिका डिस्ककडे बोट दाखवते, डिस्कचं पाकीट ड्राइव्हकडे, आणि सॉफ्टवेअरचं मदतीचं पान दोघांकडे बोट दाखवून शेवटी 'तुमच्या विक्रेत्याशी संपर्क साधा' म्हणतं. भिंग पुसल्यावर एरर गेली. तेवढ्यावरून धूळच गुन्हेगार होती असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

मग आकाराचा प्रश्न. पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं. माझा ऐवज ४.५ जीबी. तरी सॉफ्टवेअर म्हणे, मावत नाही. पाकीटवाले एक हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या पटीत. त्यामुळे पाकिटावरचे ४.७ संगणकात गेल्यावर ४.३८ च्या आसपास उरतात. लबाडी कुणाचीच नाही, पण काही फोटो गाळावे लागले आणि कुणाचे गाळायचे यावर घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कपाटातल्या डिस्कची अडचण निराळीच. मी फायलींना हौसेने मराठीत सविस्तर नावं दिली होती. फोटोत कोण, कुठे, कुणाच्या मांडीवर, सगळं नावातच. सॉफ्टवेअर म्हणालं, नावं फार लांब आहेत. डिस्कवर फायलींची नावं नोंदवण्याच्या जोलिएट नावाच्या पद्धतीत एका नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते, आणि तिच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळी स्वतंत्र अक्षरं. म्हणजे नुसत्या 'श्री'ला चार खर्ची पडतात. वडीलधाऱ्यांना मान द्यावा तर त्यांच्या आडनावाला जागा उरत नाही. यूडीएफ पद्धत निवडली की ही कटकट बरीच कमी होते, हे सांगणारा पर्याय चार खिडक्या आत दडवलेला असतो.

एवढं सगळं झाल्यावर ते 'बर्न'चं बटण दाबायचं. माझ्या पिढीच्या माणसाचा श्वास तिथे आपोआप अडकतो, आणि त्याला इतिहास आहे. डिस्कवर लेझर सलग लिहीत जातो आणि त्याला लागणारा डेटा बफर नावाच्या छोट्या साठ्यातून येतो. पूर्वी हा साठा क्षणभर जरी रिकामा झाला तरी लेखन तुटायचं आणि डिस्क वाया जायची. यालाच बफर अंडररन म्हणत. त्या काळी डिस्क लिहिली जात असताना घरात सुतक पाळल्यासारखी शांतता असे. माऊसला हात लावायचा नाही. स्क्रीनसेव्हर बंद. अँटिव्हायरस बंद. फोन वाजला तर दुसऱ्या खोलीत जाऊन घ्यायचा, जणू आपल्या बोलण्याने बफर दचकणार होता. मुलं दारातून डोकावून नुसती खूण करत, "झालं?" आणि आम्ही खूण करत, "चूप!" २००० सालच्या सुमारास ड्राइव्हना मध्येच थांबून तिथूनच पुढे लिहायची युक्ती साधली आणि हे संकट तांत्रिकदृष्ट्या संपलं. श्वास मात्र अजून अडकतो. त्याचं फर्मवेअर कुणी अद्ययावत केलेलं नाही.

लेखन सुरू झालं आणि लगेच रडतखडत चालू लागलं. आठपट वेग निवडला होता. डीव्हीडीचा एकपट म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, तेव्हा आठपट म्हणजे ११ एमबी. मिळत होते त्याच्या पावही नाहीत. इथे मला त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा मनात धरून बसण्याचा स्वभाव कळला. ड्राइव्हशी बोलताना झालेल्या चुका ती मोजत राहते. एकूण सहा भरल्या की त्याचा वेग एक पायरी उतरवते, चुका चालूच राहिल्या तर आणखी उतरवते आणि शेवटी पीआयओ नावाच्या तळाच्या पायरीवर आणून बसवते. तिथे डेटाची हमाली खुद्द प्रोसेसरला करावी लागते. हे सगळं न सांगता, न विचारता. खरवडलेली एखादी जुनी सीडी कधीकाळी वाचायला घातली होती, तिची शिक्षा ड्राइव्ह आजही भोगत असतो. उपाय असा की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, जाऊन ड्राइव्ह ज्या वाहिनीवर आहे तिची नोंदच उडवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. संगणकाला सगळं नव्याने सापडतं आणि जुनं वैर विसरलं जातं. घराघरांत असा डिव्हाइस मॅनेजर असता तर, असं मनात आलं, पण आत्याचा फोन आला म्हणून विचार तिथेच सोडला.

"झाली का रे?"

"होतेय, आत्या."

"इतका वेळ? फोटोच आहेत ना? काढायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

वेगाबद्दल सल्ला देणाऱ्यांची एक जमात आहे. ते छातीठोकपणे सांगतात, सगळ्यात कमी वेग ठेवा. मला हे पटत नाही. सोळापट वेगासाठी बनवलेल्या डिस्कचं रंगद्रव्य त्या वेगाच्या हिशोबाने घडवलेलं असतं, त्यावर फार रेंगाळून लिहिलं तर उलट लेखन बिघडू शकतं. अगदी टोकाचा वेगही नको, मधला बरा. सीडीचा बावन्नपट वेग म्हणजे डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. तो आवाज ऐकला की खुर्ची दोन हात मागे सरकवावीशी वाटते.

मग ती पट्टी. हिरवी, हळूहळू सरकणारी, ९९ टक्क्यांवर येऊन थिजणारी. फोटो लिहून झालेले असतात. उरलेलं असतं ते डिस्क बंद करण्याचं काम. शेवटचा राखीव भाग लिहायचा, सुरुवातीची नोंद पक्की करायची, म्हणजे बाहेरच्या प्लेअरला ती वाचता येईल. यालाच फायनलाइज करणं म्हणतात आणि त्याला चांगला वेळ लागतो. पण टक्के मोजणाऱ्याने फक्त डेटा मोजलेला असतो. त्याच्या लेखी काम संपलंय, तो निवांत आहे. या सबंध काळात 'रद्द करा' हे बटण ठळक आणि टवटवीत दिसत राहतं. ते दाबलं तर काय होतं? ९९ टक्के फोटो असलेली आणि कुठल्याही प्लेअरला न दिसणारी डिस्क मिळू शकते.

माझ्या पहिल्या काही डिस्क तिथेच ढेपाळल्या. त्या उलट्या करून बघायची मला सवय लागली. लेखन आतून बाहेर जातं, त्यामुळे लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगछटेत फरक पडतो आणि मध्ये स्वच्छ वर्तुळ दिसतं. कुठली डिस्क कुठे मेली ते त्या वर्तुळावरून कळतं. बहुतेक सगळ्या बाहेरच्या अंगाला गेल्यावर गेल्या. बाहेरच्या कडेला डिस्क जास्त थरथरते आणि डिस्कचा दर्जा तिथेच उघडा पडतो. म्हणून मी ऐवज कमी केला, कडेपर्यंत जायचंच नाही. आणखी फोटो गाळले. यावेळी कुणाला न विचारता.

अखेर पट्टी शंभरावर गेली आणि ट्रे आपणहून बाहेर आला. पडताळणीही उत्तीर्ण झाली. पण ज्या ड्राइव्हने लिहिलं त्यानेच वाचून 'बरोबर आहे' म्हणणं, म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासणं. मी शेजाऱ्यांच्या संगणकात घालून पाहिली, तिथेही चालली. तारीख मऊ टोकाच्या मार्करने लिहिली. कागदी लेबल चिकटवलं नाही, कारण ते किंचित जरी एकीकडे बसलं तरी डिस्कचा तोल जातो.

आत्याच्या प्लेअरने ती पहिल्या झटक्यात उचलली. फोटो टीव्हीवर दिसू लागले. आत्या काही बोलली नाही, सगळे बघून झाले. मग तिने डिस्क बाहेर काढली, उलटी केली आणि खिडकीपाशी नेऊन चष्म्याखालून न्याहाळली.

"ही बाहेरची एवढी कड कोरीच आहे की रे."

मी तिला फायनलाइज समजावलं. डिस्क बंद केल्याशिवाय तुझा प्लेअर वाचणार नाही, आणि एकदा बंद केली की तिच्यात काही घालता येत नाही, काढताही येत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं, घालू नकोस," ती म्हणाली. "पण यांचा तो डोळे मिटलेला फोटो आहे ना त्यात, तेवढा एक पुसता येईल ना?"