बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव सापडलं नाही म्हणून…

भावकीच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक हिंदी शिपायाची इंग्रजांनी नावानिशी कबर बांधली. लंडनच्या दप्तरात त्याची सात पिढ्यांची वंशावळ आहे. वेबसाइटवर आडनाव टाकलं की पाच मिनिटांत सगळं समोर येतं, आणि नाव आलं नाही तर तुमचा पूर्वज लढाईत गेलाच नव्हता. सोबतच्या फोटोत कबरींवर क्रॉस आहेत, म्हणजे सगळ्यांना मरताना बाटवलं. शेवटी, वारसांना इंग्लंडची भरपाई आणि व्हिसा मिळतो, त्यासाठी साडेचार हजार रुपये भरून नाव नोंदवा.

मी एरवी अशा मेसेजांना उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या आत्याकडे पोचला. तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, मराठा पलटणीतून इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परतले नाहीत. घरातल्या एका शहाण्या मुलानं मोबाइलवर आडनाव टाकलं, काही आलं नाही, आणि त्यानं जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजोबा कुठेतरी पळून गेले असणार. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या मला फोनवर विचारते, “मग माझ्या आजीनं कुंकू उगाच पुसलं का रे?” म्हणून हे लिहितोय.

तर पहिली आणि सगळ्यात वाईट गोष्ट हीच: नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही. हे धादांत खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे खुद्द कबरींची जबाबदारी असलेल्या संस्थेनंच लिहून दिलं आहे. १९१७ साली स्थापन झालेली इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखली जाते. एप्रिल २०२१ मध्ये तिनं नेमलेल्या समितीचा अहवाल आला. त्यातला अंदाज असा: ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीनं जपली गेली नाही. शिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा त्यांचं कसलंही स्मारक झालं नाही. यात हिंदी आहेत, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले आहेत, इजिप्त आणि सोमालियातले आहेत. अहवाल आला त्याच दिवशी ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. मेसेज लिहिणाऱ्यानं हा एक अहवाल चाळला असता तर पुढचं काही लिहायची त्याची हिंमत झाली नसती.

आता बसऱ्याचंच बघा, कारण आपल्याकडची पोरं तिकडेच जास्त गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्याच कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला. उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली, सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, आणि वाळवंटातून चालवत नेताना त्यातली कितीतरी वाटेतच पडली. त्यांची कबर कोण बांधणार होतं? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या: अमुक पलटण, इतके. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला १९२७ मध्ये उघडलेल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. म्हणजे आपला माणूस फ्रान्समध्ये मेला तर दगडावर नाव, इराकमध्ये मेला तर आकडा. ही त्या माणसांची चूक नव्हती, आणि त्यांच्या बायकापोरांची तर नव्हतीच.

दिल्लीच्या इंडिया गेटवर सगळी नावं आहेत, असंही कुणीतरी त्या मेसेजला जोडून दिलंय. तिथे १३,००० च्या वर नावं आहेत. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक मेले. तिथली नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. बसऱ्याला गेलेल्या माणसाला तिथे शोधून हिरमुसू नका.

नाव असलं तरी कबर असेलच असंही नाही. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण त्यांचीही कबर नाही; इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर नाव आहे.

बाटवण्याचा मुद्दा मला संतापजनक वाटतो, कारण तो ऐकून लोक श्राद्ध करावं की नाही असं विचारू लागलेत. मेसेजमधला फोटो ब्रिटिश सैनिकांच्या स्मशानभूमीचा आहे. हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य तिथे दहन होत असे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना टेकडीवर अग्नी दिला. तिथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली. मुसलमान सैनिकांसाठी इंग्लंडमध्येच वोकिंगला वेगळं दफनस्थान होतं. आणि कमिशननं हिंदू सैनिकासाठी जिथे दगड लावला, तिथे त्यावर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं. दहन झालेल्या माणसाची कबर शोधत बसायचं आणि ती सापडली नाही म्हणून त्याच्याबद्दल शंका घ्यायची, हा कुठला न्याय?

वंशावळीचा दावा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत हे खरं. मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदीही तिथे आहेत. पण त्या चर्चकडून गेलेल्या नोंदी. त्यात युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि थोडे हिंदी ख्रिस्ती. ज्यांचे पूर्वज त्यातले असतील त्यांना फार उपयोग होईल, हे मी मान्य करतो. खेड तालुक्यातल्या मराठा शेतकऱ्याच्या सात पिढ्या त्यात असायचं काही कारणच नाही. लाहोरच्या संग्रहालयातल्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदी अलीकडे संगणकावर आल्या, त्या पंजाबच्या आहेत. त्यांचा हवाला देऊन साताऱ्याच्या माणसाला आशा लावू नये.

भरपाई आणि व्हिसा: काही नाही. एक व्हिसा आहे खरा, पण त्यासाठी अर्जदाराचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असावे लागतात. पणजोबा त्यांच्या सैन्यात होते, एवढ्यावर तो मिळत नाही. पैसे भरू नका.

वेबसाइटबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, नाइलाजानं का होईना कबूल करतो. कमिशनच्या साइटवर शोध घेता येतो, तोही फुकट. बसऱ्याच्या दगडावर नसलेली शिपायांची नावं नोंदवहीत आहेत, त्यामुळे तिथे सापडू शकतात. पण आडनाव टाकून नव्हे. कारकुनानं इंग्रजीत जे ऐकलं ते लिहिलं. शिंद्यांचा सिंदे होतो, जाधवांचा जाधाव होतो, आणि कितीदा आडनावच नसतं, फक्त नाव आणि बापाचं नाव. म्हणून पलटण निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुका किंवा जिल्हा टाका. जिल्हा जुना हवा: रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि मालवण त्याच सालापर्यंत रत्नागिरीत होतं. पूर्वज बोटीवर खलाशी असतील, कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतले होते, तर सैन्याच्या यादीत ते नसतील. समुद्रातच अंत झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे.

आणि साइटच्या आधी घर धुंडाळा. पलटण माहीतच नसेल तर पदक शोधा. १९१४ ते १८ च्या चांदीच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी आलेली काशाची मोठी गोल चकती असेल तर तिच्यावर नाव असतं, पलटण नसते. आत्याच्या घरी पदक आहे, आजीच्या ट्रंकेत. मी तिला सांगितलंय की कडेला घासू नको, चिंच तर मुळीच लावू नको. मऊ कापडानं पूस आणि उजेडात धरून कडेचे चार बाजूंनी फोटो काढून पाठव. तुमच्याही घरी असेल तर सोनाराकडे वितळायला जाण्याआधी एवढं करा.