गिफ्ट शॉप काढताय? मग माल असा भरा

तर तुम्ही ठरवलंय. काकांचा गाळा रिकामा पडलाय, हाताशी थोडे पैसे आहेत, घरचे सगळे म्हणतात तुझा चॉइस छान आहे, आणि गावात एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत फक्त पाचच गिफ्ट शॉप आहेत म्हणजे सहाव्याला स्कोपच स्कोप. अभिनंदन. नावाचं टेन्शन घेऊ नका, पोरीच्या नावापुढे 'गिफ्ट अँड नॉव्हेल्टीज' लावलं की झालं. प्रश्न आहे मालाचा, आणि त्यात तुम्ही स्वतःची अक्कल चालवायला जाल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. गिफ्ट विकत घेणारा ती वस्तू वापरणार नसतो, आणि जो वापरणार असतो तो तुमच्या दुकानात येतच नाही. मग ती टिकते का, कामाची आहे का, कुणाच्या घरात कुठे मावेल, हे प्रश्न विचारायचेच कशाला? घेणारा काउंटरवर उभा राहून एकच हिशोब करतो, की हे दोनशेचं पाचशेचं वाटतंय का. वाटत असेल तर पॅक करा. म्हणून खोका बघून माल घ्या. आत मूठभर घड्याळ, चारी बाजूंनी थर्माकोल, वर सोनेरी अक्षरं आणि हा एवढा मोठा बॉक्स. लग्नात स्टेजवर जाताना हातात काहीतरी दिसायला पाहिजे, फोटोत खोकाच येतो, घड्याळ येत नाही. पुढे तो खोका माळ्यावर जातो आणि तिथनं दीड वर्षानं दुसऱ्या कुणाच्या तरी वास्तुशांतीला निघतो, नाव तेवढं बदलायचं. फिरता फिरता तो एखाद्या दिवशी पहिल्या मालकाकडेच परत येतो, असंही होतं, पण तो तुमचा विषय नाही, तुमचं बिल झालेलं आहे.

खरेदीला मुंबईला जा. क्रॉफर्ड मार्केटला उतरायचं आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला शिरायचं. पुणेवाल्यांनी बोहरी आळी धरावी. तिथे गेल्यावर आपलं डोकं बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं आणि होलसेलर काय म्हणतो ते मुकाट ऐकायचं. तो तुम्हाला शेठ म्हणेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शेठ म्हटल्यावर माणूस जरा ताठ उभा राहतो, त्याच वेळी तो काचेचं हृदय दाखवतो, आत लाल पाणी आणि दोन बदकं, आणि म्हणतो शेठ हा चालू आयटम आहे, माल पुरत नाहीये. हे तो गेल्या आठवड्यात तुमच्याच गावच्या बाकीच्या पाच जणांना सांगून बसलाय, पण तुम्ही विश्वास ठेवा. चार पीस देता का म्हणून विचारू नका, पेटी फुटत नाही, पूर्ण घ्यायची. पेटीत कलर मिक्स येतात, म्हणजे डझनात तीन लाल, दोन निळे आणि उरलेले त्या रंगाचे ज्याला घरी कुणालाच नाव देता येत नाही. लाल आठवड्यात संपतात. बाकीचे तुमच्याबरोबर म्हातारे होतात.

आता शोकेसचा मानकरी. लाफिंग बुद्धा घेतल्याशिवाय गिफ्ट शॉपचं रजिस्ट्रेशनच होत नाही असं समजा. दोन्ही हात वर केलेला, पोटली घेतलेला, नाण्यांच्या ढिगावर बसलेला, सगळे घ्या. हा आपला गौतम बुद्ध नाही, चीनमधला दहाव्या शतकातला बुदाई नावाचा एक ढेरपोट्या भिक्षू आहे, पण गिऱ्हाइकाला हे सांगत बसू नका, तो म्हणेल मग दुसरं काहीतरी दाखवा. त्यापेक्षा ती दुसरी गोष्ट सांगा, की लाफिंग बुद्धा स्वतः विकत घेतला तर लाभत नाही, कुणीतरी भेट दिलेलाच लाभतो. ही समजूत ज्यानं कुणी पसरवली त्याच्या नावानं गिफ्टवाल्यांनी चौकात पुतळा उभारायला हवा. वापरणाऱ्यानं घ्यायचंच नाही असा नियम असलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. शेजारी लकी बांबू ठेवा. तो बांबू नाही, मूळचा मध्य आफ्रिकेतला ड्रेसिना आहे, पण पाण्यात उभा राहतो, लाल रिबिन बांधून घेतो आणि काही तक्रार करत नाही. एवढी पात्रता आपल्याकडे पुरते.

स्वतःची आवड? हां, तिथं घसरतात बरेच जण. रील बघून बघून तुम्हाला वाटायला लागलंय की आपलं दुकान जरा एस्थेटिक असावं. मग सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या आणा, रेझिनचे कोस्टर आणा, पांढऱ्या भिंतीवर पिवळे लाइट सोडा. उद्घाटनाला सगळ्या मैत्रिणी येतील, वाव म्हणतील, फोटो काढतील, आणि जाताना एक पेन घेऊन जातील. पुढे एप्रिल येतो. पत्र्याच्या गाळ्यात दुपारी तीन वाजता त्या मेणबत्त्यांकडे बघा, एकेक मान टाकलेली असते, लेबल तेवढं ताठ, आणि दुकानभर लॅव्हेंडरचा वास सुटलेला, ज्याला शेजारचा टेलर फिनेल म्हणतो.

संक्रांतीबद्दल मात्र नीट सांगतो कारण इथे भलेभले आपटलेत. बाहेरच्या लोकांना वाटतं गिफ्टवाल्याची दिवाळी म्हणजे दिवाळी. आपल्या दुकानाची दिवाळी वाण लुटण्यात असते. एकेक बाई येणार आणि एकाच वस्तूचे तीस, चाळीस, पन्नास नग मागणार, एवढा मोठा ठोक गिऱ्हाईक वर्षात दुसरा नाही. तिचं बजेट ठरलेलं असतं, नग वीस-पंचवीस-तीस रुपये, आणि अपेक्षाही ठरलेल्या असतात. मागच्या वर्षी दिलं ते नको. जावेनं दिलं ते नको. सोसायटीत आधीच कुणी दिलंय ते तर अजिबात नको. प्लास्टिक नको पण स्टीलच्या वाटीचा भाव मात्र प्लास्टिकचाच लावा. ती एक नमुना पर्समध्ये टाकून घेऊन जाते, घरी विचारून सांगते म्हणून, आणि संध्याकाळी फोन येतो की यातच दुसरा कलर आहे का.

तर सल्ला असा की वाणाचा माल डिसेंबरात डोळे मिटून भरा, पंचांग उघडूच नका. कारण उघडलंत तर कळेल की संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती 14-15 जानेवारीला येऊन बसलेली आणि रथसप्तमी चालते तिथीवर, माघ शुद्ध सप्तमीला, त्यामुळे मधले हळदीकुंकवाचे दिवस रबरासारखे लांबतात आखडतात. 2024 ला रथसप्तमी होती 16 फेब्रुवारीला, म्हणजे महिन्याच्या वर सीझन मिळाला. 2026 ला ती 25 जानेवारीलाच आली, अकरा दिवसांत खेळ खल्लास. ज्यांनी मागचा धंदा बघून तेवढेच करंडे आणि तेवढ्याच पोटल्या भरल्या त्यांनी हिशोब करावा. पण नकोच, पंचांग बघून माल भरणं म्हणजे अगदीच वाण्यासारखं वाटतं, आपलं गिफ्ट शॉप आहे.

आणि हो, हलव्याचे दागिने ठेवू नका हं. गावातल्याच दोन-चार बायका घरी बसून काटेरी हलवा करतात, दोऱ्यात ओवून मंगळसूत्र, बाजूबंद, बाळाचा मुकुट आणि बासरी बनवतात, नव्या सुनेला आणि बोरनहाणाच्या बाळाला ते लागतातच, आई स्वतः येऊन बाळाच्या मापानं मागते. इथे घेणारा आणि वापरणारा जवळजवळ एकच झाला की. आपल्या धंद्याच्या तत्त्वात बसत नाही.

जवळचं काही ठेवायचंच नाही हा नियम एकूणच पाळा. कोकणातल्या दुकानात सावंतवाडीची लाकडी फळं असता कामा नयेत. ती रंगवलेली केळी, सीताफळं, ते छोटे जातं-चूल-पोळपाटाचे भातुकलीचे सेट चितारआळीत मिळतात, तिथंच राहू द्या. गंजिफाही नको, हातानं रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी गंजिफाचे एका डावात 120, किंमत सांगितली की गिऱ्हाईक पत्ता खाली ठेवतो, आणि समजावून सांगायला तुम्हाला वेळ कुठाय. त्यापेक्षा चीनची प्लास्टिकची बाहुली बरी. आता 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना, जीआयवाल्या, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्यातनं सूट दिलेली आहे, म्हणजे कायदासुद्धा तुम्हाला लाकडी खेळण्यांकडेच ढकलतोय. ढकलू द्या. कोल्हापुरीचं काय झालं बघितलंत ना, 2019 ला जीआय मिळाला तेव्हा आपण ढिम्म, आणि जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल आणल्यावर अख्खा महाराष्ट्र एका दिवसात कारागिरांचा कैवारी झाला. तुम्हीही वाट बघा. एखाद्या गोऱ्या मॉडेलच्या हातात सावंतवाडीचं लाकडी वांगं दिसलं की मग ऑर्डर टाका.

फेब्रुवारीत टेडी. व्हॅलेंटाइनचा एक दिवस आता आठवड्याचा झालाय, 7 ला रोझ, 10 ला टेडी वगैरे, त्यामुळे टेडी सगळ्या साइझमध्ये घ्या, विशेषतः माणसाएवढा. तो दारात बसवा. त्याच्याबरोबर सेल्फी काढायला कॉलेजची पोरं येतील आणि तीस रुपयाची कीचेन घेऊन जातील, कारण माणसाएवढा टेडी घेऊन घरी जायचं म्हणजे आईला काय सांगणार. पावसाळ्यापर्यंत तो टेडी तुमच्याकडेच असतो. एक कान लहान पोरांनी ओढून सैल झालेला, पांढऱ्याचा चहाच्या रंगाचा झालेला, गल्ल्यामागे दुसऱ्या खुर्चीवर बसलेला. लोक नमस्कार करतात त्याला.

कस्टमाइज्ड मगचं मशीन घ्याच. कोटिंगवाला पांढरा मग, सब्लिमेशनची प्रिंट, जवळपास दोनशे डिग्रीला तीनेक मिनिटं प्रेस, बाहेर काढला की फोटो उमटलेला. ऐकायला सोपं. गिऱ्हाईक फोटो पाठवतो तो व्हॉट्सअॅपवरनं तीन ग्रुप फिरून आलेला, त्यात आजोबा कुठले आणि सोफा कुठला कळत नाही, आणि पाठोपाठ मेसेज, दादा जरा क्लिअर करून घ्या ना. शिवाय कागदावर प्रिंट उलटी काढावी लागते, मिररमध्ये, ते गर्दीत राहून गेलं की मगावर 'हॅपी बर्थडे' फक्त आरशातल्या माणसाला वाचता येतं. तो मग पेनस्टँड म्हणून काउंटरवर ठेवा.

ट्रॉफी आणि सन्मानचिन्हांच्या वाटेला मात्र जाऊ नका, प्लीज. दिसायला एकदम डाउनमार्केट. अॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर मंडळाचं नाव, खाली 'यांच्या शुभहस्ते'. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग कबड्डीचे सामने, गणेशोत्सवात मंडळांच्या स्पर्धा, मधे नगरसेवकांचे वाढदिवस आणि दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, म्हणजे वर्षातला एक महिना तुम्हाला निवांत मिळणार नाही. आदल्या रात्री अकराला अध्यक्षांचा फोन येणार की प्रमुख पाहुणे बदललेत, नाव बदला. पैसे उशिरा येतात पण येतात, कारण पुढच्या वर्षी परत लागणार असतात. असला नियमित धंदा सुरू झाला तर काचेच्या बदकांकडे कोण बघणार?

किंमत सांगताना आत्मविश्वास ठेवा. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन दुसऱ्या हातानं मोबाइलवर तीच शोधत असतं, तिकडं ऐंशी रुपये कमी आणि घरपोच. ते म्हणेल ऑनलाइनला स्वस्त आहे. तुम्ही म्हणायचं क्वालिटीत फरक आहे. दोघांनाही माहीत असतं की पेटी एकच होती.

आणि सगळ्यात कमी भरायचा माल म्हणजे रॅपिंगचा कागद, सेलोटेप आणि रिबिनी. ते काय, किरकोळ सामान. मोजकेच चार रोल आणून ठेवा, कारण पहिल्याच लग्नसराईत तुमच्या दारात रांग लागणार आहे ती ऑनलाइन मागवलेले खोके घेऊन. वीस रुपये घ्या, मोठ्या खोक्याला तीस, ओळखीचा असला तरी घ्या. तेवढ्यात कागद संपेल, मग पोराला समोरच्या स्टेशनरीत पळवा, तो तुम्हालाही रिटेलनेच देतो.