बॅजर कुणाच्या मागे लागत नाही

रोज एक इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या पोस्ट हल्ली सगळीकडे फिरतात. त्यातली एक 'बॅजर' या क्रियापदावरची आहे. ती इतक्या जणांनी पुढे ढकलली आहे, की माझ्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गातली मुलंही आता तीच व्युत्पत्ती घडाघडा म्हणून दाखवतात. मजकूर थोडक्यात असा: बॅजर हा युरोपातला अत्यंत चिडखोर प्राणी. एकदा कुणाच्या मागे लागला की पिच्छा सोडत नाही. त्याच्या या स्वभावावरून इंग्रजीत 'टू बॅजर' म्हणजे 'छळणे' हे क्रियापद आलं. प्राण्यांच्या नावांवरून झालेली इंग्रजी क्रियापदं अशीच त्या त्या प्राण्याच्या स्वभावावरून पडतात. सोबत दात विचकलेल्या एका जनावराचा फोटो.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. चूक नुसती माहितीची असती तर दोन ओळींत भागलं असतं. पण माणसांनी पिढ्यानपिढ्या ज्या मुक्या जनावराला खोक्यात कोंडून त्याच्यावर कुत्री सोडली, त्यालाच ही पोस्ट छळवादी ठरवते. ते मला सहन होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"अत्यंत चिडखोर, मागे लागला की पिच्छा सोडत नाही." ब्रिटनमधला बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, साधारण 10-12 किलोचा, आखूड पायांचा, करड्या अंगाचा प्राणी. पांढऱ्या तोंडावर डोळ्यांवरून गेलेले दोन काळे पट्टे, ही त्याची ओळख. दिवसभर बिळात झोपतो, अंधार पडला की बाहेर येतो. याचं मुख्य खाणं काय, तर गांडुळं. पावसानंतरच्या ओल्या गवतात नाक खुपसत फिरायचं आणि वर आलेलं एकेक गांडूळ ओढून खायचं, हा त्याचा रात्रीचा उद्योग. जोडीला किडे, कंदमुळं, पडलेली फळं. बिळं पिढ्यानपिढ्या तीच वापरतात, आणि ती स्वच्छ ठेवण्याची या प्राण्याला फार हौस. झोपायच्या जागेतलं जुनं गवत बाहेर काढून टाकतो आणि नव्या गवताचा भारा छातीशी धरून उलट्या पावली सरकत सरकत आत नेतो. माणसाचा वास आला की बिळातून बाहेरच पडत नाही. असा प्राणी कुणाचा पिच्छा पुरवणार?

पोस्टमध्ये खऱ्याचा एक अंश आहे, तो नाकारत नाही. शेजारच्या टोळीतला बॅजर हद्दीत शिरला तर मारामारी होते. कोंडीत सापडला तर जिवाच्या आकांताने लढतो, आणि चावला तर लवकर सोडत नाही. त्याचा खालचा जबडा कवटीच्या खोबणीत असा घट्ट बसलेला असतो, की तो सहसा निखळत नाही. पण हे सगळं पळायला वाट उरली नाही म्हणजे. त्याला कोंडीत कोण पकडत होतं, हे पुढे येतंच.

फोटोबद्दल दोनच शब्द. तो या बॅजरचा नाहीच, हनी बॅजरचा आहे. हा आफ्रिकेत आणि आशियाच्या काही भागांत असतो, आपल्या महाराष्ट्राच्या जंगलांतही आहे आणि मराठीत त्याला चांदी अस्वल म्हणतात. सिंहाला भिडणाऱ्या या प्राण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून ती व्युत्पत्ती पटकन पटते. पण ब्रिटनच्या रानात हनी बॅजर नाही आणि हे क्रियापद तिथलं आहे.

आता मुख्य दावा: "त्याच्या स्वभावावरून हे क्रियापद आलं." बॅजर हे नाव इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतं. बहुधा तोंडावरच्या पांढऱ्या खुणेमुळे, 'बॅज'वरून पडलेलं. त्याआधी त्याला 'ब्रॉक' म्हणत. 'छळणे'च्या जवळ जाणारं क्रियापद मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस येतं, म्हणजे नाव रुळल्यावर अडीचशेहून जास्त वर्षांनी. त्या काळात इंग्लंडच्या गुत्त्यांच्या मागच्या अंगणांत आणि लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर पिटसारख्या अड्ड्यांवर एक खेळ जोरात चालत असे. त्याचं नाव 'बॅजर बेटिंग' (हे baiting, म्हणजे जनावरावर कुत्री सोडणं; पैजांचं betting नव्हे).

हा खेळ कसा चालायचा, ते नीट सांगते, कारण क्रियापदाचा सगळा अर्थ त्यातच आहे. रानातलं बीळ खणून बॅजर जिवंत पकडायचा. तो निसटू नये आणि मान धरता यावी म्हणून लांब दांड्याचे खास चिमटे असत. मग त्याला लाकडी खोक्यात किंवा पिंपात ठेवायचं. पुढे अरुंद बोळ, बिळासारखा. बोळाच्या तोंडाशी कुत्रा सोडायचा. कुत्र्याने आत शिरून बॅजरला दातांत धरून बाहेर खेचायचं. खेचला, की दोघांना सोडवून बॅजरला पुन्हा खोक्यात घालायचं आणि कुत्र्याला पुन्हा आत सोडायचं. ठरलेल्या वेळात कोणाचा कुत्रा किती वेळा बॅजर बाहेर काढतो, यावर पैजा. एक कुत्रा दमला की दुसऱ्याची पाळी. बॅजर मात्र तोच. काही ठिकाणी त्याला साखळीने खुंटीला जखडून कुत्र्यांपुढे टाकत. त्याचा चिवटपणा हाच इथे त्याचा शत्रू ठरला. लवकर मरणारा प्राणी असता तर पैजा रंगल्या नसत्या.

आत कोंडलेला एक जीव, आणि त्याला थोडीही उसंत न देता पुन्हा पुन्हा त्याच्यावर येणारी माणसांची कुत्री. 'टू बॅजर' म्हणजे एखाद्याची अशी गत करणं. माणूस जेव्हा 'बॅजर्ड' होतो, तेव्हा तो त्या खोक्यातल्या प्राण्याच्या जागी असतो. छळणारे बाहेर उभे असतात, पैजा लावत. पोस्टने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली आहे.

हा खेळ 1835 साली ब्रिटिश संसदेने कायद्याने बंद केला. जोसेफ पीज या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) खासदाराने आणलेल्या त्या कायद्यात बैल, अस्वल आणि बॅजर यांच्यावर कुत्री सोडण्यावर आणि कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. तरी चोरून तो चालूच राहिला, इतका की बॅजरसाठी 1973 आणि 1992 मध्ये वेगळे संरक्षण कायदे करावे लागले. आजही तिथे असे गुन्हे पकडले जातात.

बॅजर आणि कुत्रा यांत कोण कुणाच्या मागे लागतं, याचा एक चालता-बोलता पुरावा आपल्याकडेही आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत फिरायला निघालेला लांबुळका, आखूड पायांचा डॅक्सहुंड आठवा. जर्मनमध्ये डॅक्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बिळात घुसून बॅजर गाठता यावा म्हणून ही जात अशी बुटकी वाढवली गेली.

"प्राण्यांवरून झालेली क्रियापदं त्यांच्या स्वभावावरून पडतात." काही पडतात, हे खरं. 'पॅरट' म्हणजे पोपटपंची करणं, 'एप' म्हणजे माकडासारखी नक्कल. 'हाउंड' म्हणजे हात धुऊन मागे लागणं, आणि तिथे शिकारी कुत्रा खरोखरच मागे लागणारा आहे. याच शब्दांमुळे फसगत होते. पण 'फिश' म्हणजे माशासारखं वागणं नव्हे, मासे पकडणं. 'रॅट' या क्रियापदाचा एक जुना अर्थ उंदीर मारणं असा आहे. नाव तेच, पण प्राणी कधी करणारा असतो, कधी भोगणारा. हे इतिहासात शिरून पाहावं लागतं, अंदाजाने ठरत नाही.

मराठी माणसाने तर इथे जास्तच सावध असायला हवं. 'ससेमिरा लावणे' म्हणताना किती जणांच्या डोळ्यांसमोर ससा येतो! त्यात ससा कुठेच नाही. सिंहासन बत्तिशीच्या परंपरेतली ती गोष्ट आहे. वाघाच्या भीतीने झाडावर चढलेल्या राजपुत्राला तिथल्या अस्वलाने आसरा दिला. अस्वल झोपल्यावर वाघाच्या सांगण्यावरून राजपुत्राने त्यालाच खाली ढकललं. अस्वल फांदी धरून वाचलं, पण त्याच्या शापाने राजपुत्राला वेड लागलं आणि तो 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बडबडत सुटला. ही चार अक्षरं म्हणजे मित्रद्रोहाबद्दलच्या चार श्लोकांची आद्याक्षरं. ते श्लोक ऐकवल्यावर त्याचं वेड उतरलं. इथेही दगा माणसानेच केला, जनावराने नव्हे.

या छळाच्या शब्दांभोवती कुत्री किती आहेत, हेही पाहण्यासारखं आहे. 'बॅजर बेटिंग'मधल्या 'बेट' (bait) या क्रियापदाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'चावायला लावणे'. खुद्द 'हॅरॅस' हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि कुत्र्याला 'छू' करून अंगावर सोडणं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाशी त्याचा संबंध असावा, असं व्युत्पत्तिकार मानतात.

पोस्टची आणखी एक आवृत्ती फिरते, ती फेरीवाल्यांची. बॅजर म्हणजे दारोदार फिरणारा विक्रेता, तो लोकांना नको नको करतो, म्हणून 'टू बॅजर'. इंग्रजीत 'बॅजर' या शब्दाचा असा जुना अर्थ होता, हे खरं आहे. एका ठिकाणी धान्य विकत घेऊन दुसरीकडे विकणाऱ्याला बॅजर म्हणत, आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात, 1563 च्या कायद्याने, अशा व्यापाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. पण हा धान्यवाला होता. त्याच्यावरची तक्रार दारात येऊन त्रास देतो अशी नव्हती, तर साठेबाजी करून भाव चढवतो अशी होती. क्रियापदाचा अर्थ त्याच्याशी जुळत नाही. तो जुळतो कुत्र्यांच्या खेळाशी, आणि कोशही तेच सांगतात.

राहिला शेवटचा आणि परीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दावा: "बॅजर म्हणजे छळणे." एवढा जड अर्थ या शब्दाला नाही. बॅजर करणं म्हणजे तेच तेच विचारून, तेच तेच मागून समोरच्याला भंडावून सोडणं. तगादा लावणं. भुणभुण लावणं. म्हणून त्याच्यामागे पुष्कळदा 'इन्टू' येतं: एखाद्याला बॅजर करून एखादी गोष्ट करायला लावली, म्हणजे तो कंटाळून 'हो' म्हणाला. नाही तर 'फॉर' येतं: पोरांनी सुट्टीभर फोनसाठी बॅजर केलं. खोक्यातल्या त्या खेळातलं जे उरलं आहे ते एवढंच, थांबू न देता पुन्हा पुन्हा येत राहणं.

अमेरिकी कोर्टात वकील उलटतपासणीत साक्षीदाराला उत्तर पुरं करू न देता प्रश्नांवर प्रश्न फेकू लागला, की दुसरी बाजू 'बॅजरिंग द विटनेस' अशी हरकत घेते. आपल्याकडे हा शब्द कायद्यात नाही, पण सोय आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 152 नुसार साक्षीदाराचा अपमान करण्यासाठी किंवा त्याला त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने रोखायचा असे. 2024 मध्ये त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

पोस्ट वाचून मुलं काय लिहितात, ते वर्गात दिसतं. हुंड्यासाठी सुनेचा छळ झाल्याची बातमी अनुवादाला दिली, तर 'छळ' दिसल्याबरोबर 'बॅजर्ड' लिहून मोकळी होतात. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं, की सासरचे सारखी टुमणी लावत होते. मारहाण, उपासमार, धमक्या, सगळं त्या एका शब्दात पुसलं जातं. आधी दंड संहितेचं कलम 498-अ आणि आता भारतीय न्याय संहितेची कलमं 85 व 86 ज्याला क्रूरता म्हणतात, त्याला 'क्रुएल्टी' किंवा 'हॅरॅसमेंट'च लिहायला हवं. पत्रकारांनी मंत्र्याला राजीनाम्याबद्दल विचारून विचारून हैराण केलं, तिथे 'बॅजर' खुशाल लिहा. सुनेच्या बातमीत लिहू नका, गुण तर जातीलच, पण त्या बाईवर जे गुदरलं तेही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.