किती टीएमसी ते विचारतो, कसलं पाणी ते नाही

आमचं गाव नांदेडच्या खाली, गोदाकाठाला. उन्हाळ्यात वरून पाणी सुटल्याची बातमी आली की पारावर प्रश्न एकच, किती सुटलं? दोन वर्षांपूर्वी आलं ते काळपट, साखर कारखान्याच्या मळीच्या वासाचं. सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच. भोईमामांनी जाळं खाली ठेवलं अन् म्हणाले, "पाणी आलं खरं, पण जनावराला दाखवू नका." तक्रार केली. नमुना घ्यायला माणूस आला तवर ते पाणी पुढं निघून गेलं होतं. पुढं म्हणजे तेलंगणात.

किती पाण्याचा हिशोब मात्र आपण पक्का ठेवतो. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती यायचं यावर मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं तर सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ठरवूनच दिलं. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्चला ०.६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) खाली सोडायचं. दोन राज्यं, तारीख ठरलेली, आकडा ठरलेला. त्या ०.६ टीएमसीत काय काय मिसळलेलं असावं, हे कुणी विचारलं? जायकवाडीच्या भांडणात आपण खालचे, बाभळीच्या भांडणात वरचे. दोन्हीकडं भांडलो ते मापासाठीच.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये मोठमोठी सरोवरं आहेत. एका बाजूच्या घाणीनं दुसऱ्या बाजूच्या आरोग्याला, मालमत्तेला बाधा होऊ द्यायची नाही, असं कलम त्यांनी १९०९ च्याच तहात घालून ठेवलं होतं. पण नुसतं कलम होतं, आकडा नव्हता. साठेक वर्षांत ईरी सरोवराची अशी गत झाली की पेपरवाले त्याला मेलेलं म्हणू लागले. शहरांचं सांडपाणी अन् कपड्यांच्या पावडरीतला फॉस्फेट (फॉस्फरसचं संयुग), त्यावर शेवाळ माजलं. शेवाळ कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन जातो. त्याच सरोवराला मिळणारी क्लीव्हलंडची कायाहोगा नदी १९६९ साली पेटली. हो, नदी पेटली. वर तेलाचा थर होता.

मग १९७२ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान ट्रूडो (थोरले) यांनी ओटावात करार केला, त्यात आकडा आला: ईरी आणि ओंटारिओ सरोवरांकडं सांडपाणी सोडणाऱ्या मोठ्या प्रकल्पांच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस नको. लक्ष ठेवायला १९०९ च्या तहातला आयोग होताच, तीन इकडचे, तीन तिकडचे. त्यांनी आपापल्या देशाची वकिली करायची नाही, दोघांच्या वतीनं बघायचं. मला सगळ्यात भारी वाटली ती ही गोष्ट. आपल्याकडं वरच्या तालुक्याचा माणूस अन् खालच्या तालुक्याचा माणूस एकाच बाटलीत नमुना भरून एकाच कागदावर सही करतील, असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. मला तरी हसू येतं.

सरोवर सावरलं. इथंच गोष्ट संपली असती तर मी ही पोस्ट लिहून वरच्यांना चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

पण ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीत शेवाळ पुन्हा माजलं अन् काठच्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरात जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी प्यायला बंदी आली. लाखो लोक बाटल्यांसाठी रांगेत. उकळूनही चालणार नव्हतं, कारण उकळल्यावर शेवाळाचं विष मरत नाही, उलट दाट होतं. या वेळी मुख्य दोष कारखान्याचा नव्हता, शहराच्या गटारीचाही नव्हता. मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांमधलं खत पावसाबरोबर वाहून आलं होतं. पाइपाचं तोंड दिसतं, तिथं मोजता येतं. हजारो शेतांच्या बांधांवरून येणारं कुठं मोजणार? दोन्ही देशांनी २०१६ ला फॉस्फरस २००८ च्या मानानं ४० टक्के घटवायचं ठरवलं. अजून तिथवर पोचलेले नाहीत.

हे वाचल्यापासून मळीवाल्याला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. मळीवाला सुटतो असं नाही, त्याचा नमुना वेळेत घेतलाच पाहिजे. पण माझ्या उसाच्या फडातलं पावसाचं पाणी बांध ओलांडून नाल्याला जातं अन् नाला गोदावरीला. गेल्या साली माती तपासून आणली, कागदावर स्फुरदाच्या, म्हणजे त्याच फॉस्फरसच्या, पुढं 'जास्त' लिहिलंय. तो कागद कपाटात आहे. अन् यंदाच्या डीएपीच्या, स्फुरदाच्याच खताच्या, सहा बॅगा ओसरीवर येऊन पडल्यात.