पॅरिसच्या आधीचे रझा

फेब्रुवारी ते मे २०२३ या काळात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. गेली अनेक वर्षे मी याच शहराच्या एका उपनगरात राहत असल्यामुळे मला ते चार वेळा पाहता आले, आणि चारही वेळा मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो सुरुवातीच्या, १९४०च्या दशकातल्या लहान जलरंगचित्रांपाशी. बहुतेक प्रेक्षक तिथून झपाझप पुढे जात, कारण पुढच्या भिंतींवर ज्यांच्यासाठी ते आले होते ती मोठी, तापलेल्या रंगांची चित्रे आणि अखेरीस रझांची ओळख बनलेला तो सर्वपरिचित बिंदू, म्हणजे मोठा गोल ठिपका, होता. मला मात्र त्या लहान कागदांवर एक असा तरुण दिसत होता, ज्याला बिंदूची कसलीही खबर नाही, जो दिवसा छपाईचे ठसे बनवणाऱ्या एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते घाईघाईने, रंग सुकायच्या आत, कागदावर उतरवून घेतो.

त्या सुमारास मायदेशाहून येणारे लेख आणि मित्रांचे निरोप वाचताना मला जाणवले, की आपल्याकडचा वाद या चित्रांच्या जवळपासही फिरकत नव्हता. आपल्या चित्रकाराचे मोठेपण पटायला आपल्याला परदेशी शिक्का का लागतो, असा काहींचा सवाल होता. आपला ठेवा बाहेर चालला आहे, तो कायद्याने अडवा, असे दुसरे म्हणत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रझांचे १९८९चे ‘जेस्टेशन’ मुंबईतल्या लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेले, तेव्हा उरलेली चर्चाही किमतीवर येऊन थांबली. कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधीविषयक कायद्यान्वये रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी रॉय अशा मोजक्या नऊ कलावंतांची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि त्या नऊ जणांत रझा नाहीत. उद्या त्यांचे नाव घातले तरी चित्रे देशातल्या बंद कपाटांत राहतील एवढेच होईल. ती कधी, कुठे, कोणत्या नावाने काढली गेली आणि प्रथम कोणी पाहिली, हे कोणत्याही बंदीने कळत नाही.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. इथल्या कलाप्रेमींशी बोलताना जी कथा ऐकू येते ती सरळ आहे: रझा १९५०मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन आले, त्यांनी फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रे पाहिली आणि ते आधुनिक झाले. ही कथा मला अर्धवट वाटते. १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत आणि पुढे १९४७पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस १९४७मध्येच सूझा, आरा, हुसेन, विदर्भातले हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या तरुण कलावंतांच्या गटात होता, आणि १९४८मध्ये काश्मीरला गेला असताना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने त्याला चित्राच्या बांधणीकडे लक्ष द्यायला सांगितले ते तो पॅरिसला येण्याच्या दोन वर्षे आधी. मात्र रझांच्या पॅरिसमधल्या प्रत्येक वर्षासाठी इथे कागद निघतो आणि मुंबईतल्या वर्षांसाठी आपल्याला आठवणींवर भागवावे लागते, म्हणून ही अर्धवट कथा टिकून आहे.

पाँपिदूलाच जोडलेल्या कांदिन्स्की ग्रंथालयात कलावंतांच्या नावाने फायली असतात आणि त्यांत निमंत्रणपत्रिका, कात्रणे, दुमडलेली छोटी सूचिपत्रे जपलेली असतात. फ्रेंच माणूस कलेवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम करतो असे मी मुळीच म्हणणार नाही. कागद टाकून द्यायचा नसतो, एवढी एक कंटाळवाणी सवय त्याला आहे. आमच्याकडची गोष्ट सांगायची तर माझे थोरले काका १९४०च्या दशकात जे. जे.मध्ये होते. गिरगावातल्या घराच्या माळ्यावर त्यांची एक ट्रंक होती, आणि तिच्यात त्या काळच्या प्रदर्शनांची सूचिपत्रे होती, समासात पेन्सिलीने लिहिलेल्या किमतींसह. मी लहानपणी ती चाळली आहे, पण तेव्हा त्यांतल्या एकाही नावाशी मला कर्तव्य नव्हते. चाळ पाडायची ठरली तेव्हा ती ट्रंक रद्दीत किलोने गेली. मी तेव्हा इथे होतो, आणि फोनवर ‘टाकून द्या’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

या निष्काळजीपणाची किंमत किती असते हे २००९मध्ये दिसले होते. दिल्लीतल्या एका कलादालनात रझांच्या सुरुवातीच्या कामाचे प्रदर्शन भरले, त्यासाठी ते स्वतः आले, आणि भिंतीवरची बरीच चित्रे आपली नाहीतच हे त्यांच्या लक्षात आले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. खोट्या चित्रांचा धंदा करणाऱ्याला सुरुवातीचा काळच सोयीचा असतो, कारण त्या काळात चित्रकाराची शैली अजून ठरलेली नसते आणि नोंदी नसतात, त्यामुळे जरा वेगळे चित्र दिसले तरी ‘विद्यार्थिदशेतले असेल’ म्हणून खपून जाते. त्या दिवशी सांगायला चित्रकार हजर होता. २०१६मध्ये तो गेला. आता साक्ष द्यायला कागदच उरले आहेत. रझांच्या चित्रांच्या सप्रमाण समग्र सूचीचा पहिला खंड १९५८ ते १९७१ या वर्षांचा निघाला आणि १९४० ते १९५७चे काम वेगळ्या खंडासाठी राहिले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मुंबईचा तो काळ धुंडाळणे अवघड आहे हे मान्यच आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२मध्ये सुरू झाली, म्हणजे रझा निघून गेल्यावर. त्यांच्या उमेदवारीच्या काळात बॉम्बे आर्ट सोसायटीचे दालन सोडले तर हक्काच्या जागा फारशा नव्हत्या, आणि चित्रे घेणारेही मूठभर होते. त्यांतले तीन ठळक आधार म्हणजे वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, हे नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले लोक. (परदेशी शिक्क्यावर चिडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की पहिली शाबासकी देणाऱ्यांत हे मुंबईचे झालेले परदेशीच होते.) फॉन लायडन यांची इंग्रजी समीक्षा पुनःपुन्हा उद्धृत होते. त्याच वर्षांतल्या मराठी दैनिकांनी आणि मासिकांनी या प्रदर्शनांबद्दल काय लिहिले, ते मी वाचलेल्या लेखांत तरी कुणी पाहिलेले दिसले नाही. हे काम पॅरिसमध्ये बसलेला संशोधक करणार नाही, कारण त्याला मराठी येत नाही. ज्याला येते त्याने करायचे, तर नागपूरच्या आणि मुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत धूळ खात बसावे लागेल, आणि त्यातून पन्नास कोटींची बातमी निघणार नाही.

प्रदर्शन मांडणे हाही वेगळाच खटाटोप आहे. कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड सोसत नाही, काही महिन्यांनी त्यांना पुन्हा अंधारात ठेवावे लागते, आणि मुंबईच्या दमट हवेत काचेमागच्या स्वस्त पुठ्ठ्याने धरलेले तपकिरी डाग कायमचे राहतात. अशी दालने अंधारी दिसतात आणि लोक तक्रार करतात. तरीही आपल्याला हे जमत नाही असे मी म्हणणार नाही, कारण २०१८मध्ये लोअर परळच्या पिरामल संग्रहालयाने रझांचे प्रदर्शन केले होते, आणि होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी ही पिढी प्रसिद्ध होण्याआधीच तिची चित्रे घेतली होती.

बिंदूबद्दल एक तक्रार करतो आणि थांबतो. लहानपणी गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याकडे पाहत बसवले, ही आठवण रझा स्वतः सांगत, आणि ती खरी असणार. पण तिच्यामुळे मधली चाळीस वर्षे त्या ठिपक्याकडे जाणारी वाट ठरतात आणि मुंबईची चित्रे वाटेवरचा धर्मशाळेतला मुक्काम. त्यांतले ओले छप्पर किंवा घाईत ओढलेला फटकारा कोणत्याही पुढच्या गोष्टीची तयारी म्हणून काढलेला नाही. ती चित्रे त्या दिवशीची आहेत, म्हणून ती त्या दिवसाच्या कागदपत्रांशेजारी मांडलेली मला पाहायची आहेत. रझांच्या बरोबरीने शिकलेले आता जवळजवळ कुणी उरलेले नाहीत. त्यांची मुले सत्तरी ओलांडून गेली आहेत, आणि गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींचे माळे पुनर्विकासासाठी दर महिन्याला रिकामे होत आहेत.