वीसच्या आतला पट आणि खर्चाचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या शाळांविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : पट विसाखाली गेलेली शाळा बंद करावी, सात मुलांसाठी दोन शिक्षक ठेवणे ही उधळपट्टी आहे, माझ्यासारखे लोक मुलांच्या हक्कांचे नाव घेऊन प्रत्यक्षात शिक्षकांच्या नोकऱ्या राखतात, आणि जिल्हा परिषदेची शाळा वाचवा म्हणणाऱ्यांनी स्वतःची मुले कुठे घातली, ते आधी सांगावे. शिवाय ‘शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा बंद करताच येत नाही’ हे माझे विधान चुकीचे असल्याचे आपण दाखवून दिले आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे आपले बरोबर आहे. २००९ च्या कायद्यात शाळा बंद करण्यास सरसकट मनाई नाही. मूळ लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. मात्र मुलांच्या राहत्या जागेजवळ शाळा उपलब्ध असणे ही जबाबदारी कायद्याने सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि ‘जवळ’ म्हणजे किती, हे महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी ठरवले आहे : पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. आपण ज्या विसाच्या आकड्याचा हवाला देता, तोही याच नियमांतला आहे. पण तो शाळा सुरू करण्यासाठीचा आहे. सहा ते अकरा वयोगटातील किमान वीस मुले असतील तिथे शाळा द्यावी, असा त्याचा आशय आहे. चालू शाळेचा पट विसाखाली घसरला की तिला कुलूप लावावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

आता खर्च. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याची, कल्पना मांडली गेली, तेव्हा विसाच्या आतल्या १४,७८३ शाळा आणि त्यांतली सुमारे १ लाख ८५ हजार मुले असा हिशोब पुढे आला. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि जवळपास दोन शिक्षक. कागदावर हे महाग दिसते, हे मी नाकारत नाही. परंतु शाळा बंद केल्याने शिक्षकाचा पगार वाचत नाही. त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते आणि पगार तिथून निघतो. वाचतो तो इमारतीच्या देखभालीचा आणि किरकोळ अनुदानाचा खर्च, आणि त्यातून मुलांच्या वाहतुकीचा खर्च वजा करावा लागतो. खरी बचत व्हायची असेल, तर ती पुढे रिक्त होणारी पदे न भरण्यातूनच होऊ शकते. तसे ठरले असेल, तर ते तसे स्पष्ट सांगावे. ‘गुणवत्तावाढ’ हा शब्द त्यासाठी वापरू नये.

कमी पटामुळे शाळा बंद झालेल्या ज्या वाडीविषयी मी लिहिले, तिथली गोष्ट लेखात अपुरी राहिली होती. शाळा बंद झाल्यावर पहिले काही महिने मुलांना न्यायला जीप येत असे. मग जीपवाल्याचे पैसे थकले आणि त्याने यायचे बंद केले. वाडी आणि मोठी शाळा यांच्यामध्ये एक ओढा आहे, आणि आषाढ-श्रावणात त्याला उतार नसतो. मोठी मुले कधी चालत गेली, कधी नाही गेली. पहिली-दुसरीतली मुले घरीच राहिली. एक आई रोज दोन्ही वेळा मुलाला सोडायला-आणायला जाऊ लागली आणि भातलावणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडाली. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो त्या घराने सोसला.

खर्चाची हरकत तशी जुनीच आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही घेतल्या गेलेल्या आक्षेपांत पैशाचा आक्षेप होताच, आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. एका संस्थानाची तिजोरी ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीपेक्षा भरलेली होती, असे कोणी म्हणणार नाही.

तरीही छोट्या शाळेचे मी कौतुक करत बसणार नाही. चार इयत्तांतली सात मुले एकाच खोलीत, आणि शिक्षक एक; त्यात तिसरीत एकटीच मुलगी, तिच्याबरोबर वाचायला, भांडायला कोणी नाही. हे शिक्षण चांगले नव्हे. बहुवर्ग अध्यापनाचे नीट प्रशिक्षण मिळालेला शिक्षक क्वचित भेटतो. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले केवळ २३.४ टक्के होती. शाळा जवळ आहे एवढ्यावर समाधान मानावे असे हे आकडे नाहीत, आणि न शिकवणाऱ्या शिक्षकाची पाठराखण मी केलेली नाही. फक्त एक जोडते : कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांना देता येतात. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचा किती वेळ जातो, ते आपल्या ओळखीच्या एखाद्या गुरुजींना विचारून पाहावे.

माझा मुख्य आग्रह निर्णय कोणी घ्यावा याविषयी आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका तोच प्रश्न राहून गेला आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम आहे. त्या वाडीत मात्र बंदचे पत्र आले, तेव्हा समितीच्या अध्यक्षांना ते आठवड्याने समजले. आधीच्या बैठकांचे इतिवृत्त पाहिले, तर मजकूर एकाच हस्ताक्षरात आणि खाली सह्या-अंगठे. हा दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. आपल्याला काही ठरवता येते, हे पालकांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून पालकांबरोबरचे आमचे काम घोषणांचे कमी आणि वहीचे जास्त आहे : वाडीतल्या प्रत्येक मुलाची नोंद करणे, समितीची बैठक खरोखर भरवणे, आणि कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देणे. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

उद्या त्याच पालकांनी सगळे ऐकून घेऊन, वाहनाची लेखी हमी घेऊन, ‘आमची मुले मोठ्या शाळेतच जाऊ द्या’ असे ठरवले, तर मी त्यांच्या बाजूने अर्ज लिहून देईन. शेजारच्या एका पाड्याने तसे ठरवलेही आहे आणि तिथे मला वावगे काही दिसले नाही.

राहिला माझ्या मुलीचा प्रश्न. ती चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि पाचवीपासून तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळेत आहे. आम्हाला ते परवडत होते आणि गावाहून एसटी थेट जाते. वाडीतल्या ज्या आईची मजुरी बुडाली, तिच्यापुढे हे दोन्ही पर्याय नव्हते.